चुन्यानं आखलेलं घर

माझ्याकडे येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. ‘मॅडम, एक नकाशा काढून पाहिजे.’ घर पाहिजे असं कोणी म्हणत नाही. नागपुरात आर्किटेक्ट म्हणजे नकाशा काढणारी बाई. नकाशा पास झाला की तिचं काम संपलं. पुढचं ठेकेदार पाहतो, वास्तूवाले पाहतात आणि सर्वांत शेवटी घरमालकाचा साळा येऊन जिना फिरवून जातो. मी हे हसत लिहिते आहे, पण प्रत्येक फिरवलेला जिना मला आठवतो.

घर बांधायच्या आधी एक दिवस असतो, तो मला सगळ्यात आवडतो. मोकळ्या प्लॉटवर दोऱ्या ताणायच्या आणि दोरीच्या कडेनं चुन्याची फक्की टाकत जायचं. कागदावरचं घर खऱ्या मापात जमिनीवर उतरतं. इथं हॉल, इथं स्वयंपाकघर, इथून दार. याला आम्ही आखणी म्हणतो. सीताबर्डीला कपड्याचं मोठं दुकान असलेले एक शेठजी अशा आखणीत उभे राहून माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी त्यांची जमीन चोरली होती. ‘मॅडम, हा हॉल आहे? यात माझा सोफा बसन की मी बसीन?’

‘भिंती उभ्या होऊ द्या शेठजी, मोठा वाटेल.’

‘भिंतीनं जागा खाल्ल्यावर मोठा वाटन?’

वाटतो. उघड्या आकाशाखाली कोणतीही खोली खेळण्यातली दिसते आणि भिंती चढल्या की तीच खोली मोठी होते. त्यामुळे आखणीच्या दिवशी जवळजवळ प्रत्येक घरमालक घाबरतो, आणि त्याला धीर देणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. मी शेठजींना त्या चौकोनात चहा पाजला, गप्पा मारल्या, आणि थोड्या वेळानं ते पांढऱ्या रेषेवर पाय न देता, बरोबर दाराच्या जागेतून बाहेर गेले. तिथं ना भिंत होती ना दार. पण माणूस एकदा घरात बसला की रेषेवर पाय देत नाही.

ही गोष्ट मी फार पूर्वी, फार दूर, एका उन्हाळ्यात पाहिली होती. आज तीच सांगायची आहे.

शिक्षण संपवून दोन-तीन वर्षं नोकरी केल्यावर मला पोर्तुगालमध्ये पुढे शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. शहराचं नाव पोर्तो. नागपुरातल्या नंदनवन वस्तीत, आमच्या गल्लीत कोणालाच तो देश नेमका कुठं आहे हे माहीत नव्हतं, मलाही फक्त नकाशावर माहीत होता. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. तिनं वर्गातला पृथ्वीचा गोल घरी आणला, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘हे पाह्य, समुद्राच्या काठाकाठानं गेलं की पोचतं.’ जणू मी वर्धेला चालले होते.

पोर्तो हे ओल्या दगडाचं शहर आहे. सकाळी नदीवरून धुकं चढायचं आणि उतारावरच्या गल्ल्या एकेक करून पुसून टाकायचं. समोरच्या घराच्या फरशांचा निळा रंग तेवढा दिसत राहायचा, खाली भिंत नाही, वर छप्पर नाही, नुसता निळा तरंगतोय. खिडक्यांतून कपडे वाळत टाकलेले असायचे आणि ते कधीच वाळायचे नाहीत. कॉलेजात आम्हाला संगणकाला हात लावू देत नसत. हातानं काढा, उभं राहून काढा, पावसात काढा. मी काढत राहिले. पण माझी चित्रं पाहून आमच्या बाई एकदा म्हणाल्या, ‘तू प्रत्येक चित्रात सावली शोधतेस. इथं सावली नाही. तुला ऊन लागतं. दक्षिणेला जा.’

तेव्हा पहिल्यांदा कळलं, की मी महिनोन्‌महिने उन्हाशिवाय जगत होते आणि त्यालाच घराची आठवण समजत होते.

मी प्रबंधाचा विषय बदलला. उन्हाच्या गावांतली घरं. सुट्ट्या लागल्या की पाठीवर पिशवी टाकून निघायची. संथ गाड्या होत्या, त्याहून संथ बस. धुकं मागं पडलं, डोंगर मऊ झाले, आणि मग आलेन्तेजू नावाचा प्रदेश लागला. मैलोन्‌मैल पिवळं गवत, मधे एकटं एकटं झाड, आणि टेकडीवर मिठाच्या ढेपेसारखं पांढरं गाव. घरांना जाड भिंती, चिमुकल्या खिडक्या, खालच्या अंगाला निळा पट्टा. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी एका भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटले, तर नागपूरचा मे महिना. तीच झळ, तीच शांतता, कुठंतरी भांडं वाजल्याचा तोच एक आवाज.

एका घरी सूप वाढलं. उकळतं पाणी, लसूण, शिळ्या पावाचे तुकडे, वर अंडं आणि मूठभर सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तो वास आला आणि मी नाक पुसू लागले. वाढणाऱ्या बाईला वाटलं मला तिखट लागलं. त्यात मिरची नव्हतीच.

भाषाही हळूहळू ओळखीची निघत गेली. किल्लीला ‘चावी’, बादलीला ‘बाल्दी’. हे शब्द त्यांच्याकडून आपल्याकडे आले हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण एखादी म्हातारी दाराशी उभी राहून ‘चावी कुठं ठेवली’ असं म्हणते तेव्हा पुस्तक आठवत नाही. वाटतं, ही आपल्याच गल्लीतली, फक्त कपडे वेगळे.

अशा फिरण्यात मी त्या गावी पोचले. गाव नवं होतं. जुनं गाव एका मोठ्या धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं, आणि सरकारनं थोड्या अंतरावर ते जसंच्या तसं पुन्हा बांधलं होतं. जसंच्या तसं म्हणजे काय, तर तेच रस्ते, त्याच नावांनी, तेच शेजारी. घरोघरी जाऊन विचारलं होतं, किती खोल्या, दार कुठं, चूल कुठं, आणि तसंच घर बांधून दिलं होतं. आर्किटेक्टच्या दृष्टीनं याच्याहून सभ्य काम नाही. मी ते पाहायला गेले.

राहायला खोली दिली ती डोना लुसिंदा नावाच्या बाईंनी. डोना म्हणजे आपलं ‘बाई’. साठीच्या, ठेंगण्या, काळे कपडे, एकट्या. शेजारच्या घरात त्यांचा भाऊ जोआकिम राहायचा, उंच, वाकलेला, तोही एकटा. जुन्या गावातही त्यांची घरं अशीच भिंतीला भिंत लागून होती. पहिल्या संध्याकाळी अंगणात जेवताना बाईंनी मला मोठ्यानं सांगितलं, ‘मुली, भिंतीपलीकडच्या माणसाला सांग, त्याची मांजर माझ्याकडे येते.’

भिंत माझ्या कमरेइतकी होती. जोआकिम पलीकडेच बसून सूप पीत होते.

‘मुली,’ ते तिकडून म्हणाले, ‘तिला सांग, मांजराला बंद दार कळत नाही.’

मी दोघांकडे पाहिलं. दोघंही माझ्याकडेच पाहत होते. नव्या गावात आल्यापासून ते एकमेकांशी बोललेले नव्हते.

कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. बाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि अंगणात उघडणाऱ्या दाराकडे बोट केलं. ‘हे दार चुकीच्या बाजूला आहे. माझं दार असं नव्हतं. सरकारी लोक मोजायला आले तेव्हा मी दवाखान्यात होते. यानं सांगितलं त्यांना. चुकीचं सांगितलं. आता मी मरेपर्यंत चुकीच्या घरात राहायचं.’ त्या रडत नव्हत्या. पीठ मळता मळता बोलत होत्या. ‘सकाळी उठते आणि मला कळत नाही मी कुठं आहे. रोज. दुसऱ्याच्या घरात चोर शिरावा तशी मी माझ्या स्वयंपाकघरात शिरते.’

जोआकिमना विचारलं तर ते म्हणाले, ‘मी त्याच घरात जन्मलो. दार डावीकडे होतं. मी डावीकडे सांगितलं. ती म्हणते मी तिचं घर बुडवलं. पाण्यानं बुडवलं, पण पाण्याशी भांडता येत नाही ना.’

माझं वय तेव्हा असं होतं की प्रत्येक प्रश्न कागदावर सुटेल असं वाटायचं. मी दोघांना वेगवेगळं बसवून जुन्या घराचा नकाशा काढला. दोन नकाशे तयार झाले, एकात दार डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. बाईंपुढे कागद ठेवला तर त्यांनी तो फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाल्या, ‘हे घर आहे? मी यात कुठून शिरू?’

त्या एका वाक्यानं मला नागपुरातली आखणी आठवली. मी नोकरीत असताना ठेकेदाराबरोबर कितीतरी वेळा दोरी धरून उभी राहिले होते.

गावाबाहेर ऑलिव्हच्या झाडांमागं एक मोकळा उतार होता. घरांना दरवर्षी चुना द्यायची तिथं रीत, त्यामुळे कोरडा चुना घरोघरी. मी जोआकिमना म्हटलं, मला चुना पाहिजे आणि तुमची एक संध्याकाळ पाहिजे. ते लाकडी परातीसारखं भांडं भरून घेऊन आले.

‘याला काय म्हणता?’

‘गामेला.’

मी हसत सुटले. आमच्या प्रत्येक साइटवर डोक्यावरून जातं ते घमेलं! त्यांना मी काही केल्या समजावू शकले नाही की यात इतकं हसण्यासारखं काय आहे.

संध्याकाळभर आम्ही आखलं. ते पावलांनी मोजून दाखवायचे, मी दोरी ताणून फक्की टाकायची. बहिणीच्या घराच्या खोल्या, शेजारचं त्यांचं अंगण, मधली भिंत. घर कोणत्या दिशेला ठेवायचं असं मी विचारलं. हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. नकाशावर उत्तरेचा बाण नसेल तर नकाशा फाडून टाकतात. त्यांनी जरा विचार केला. दूर टेकडीवर एक जुना किल्ला दिसत होता. ‘अंगणाच्या दारात उभं राहिलं की सूर्य त्या किल्ल्यामागून यायचा.’ मग मी तसंच घर फिरवलं. आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीची रेषा मुद्दाम काढली नाही. भांडणातलं दार त्याच भिंतीत होतं, म्हणून ती जागा तशीच मोकळी सोडली.

पहाटे बाईंना घेऊन आले. गवत दवानं ओलं होतं आणि त्यावर ते पांढरं घर, जणू कोणीतरी झोपेत आखलेलं. किल्ल्यामागं नुकतं तांबडं फुटत होतं. बाई बराच वेळ लांबच उभ्या राहिल्या.

‘हे इतकंसं होतं?’

‘भिंती नाहीत ना, म्हणून.’

मी त्यांच्या हातात रिकामी बादली दिली. ‘कोंबड्यांना पाणी द्यायला जा. रोज जायचात तशा.’

त्या रस्त्याच्या दारातून आत आल्या. खरंच आल्या, रेषेवर पाय न देता, उंबऱ्याच्या जागी पाय जरा उचलून. पुढची खोली ओलांडली. टेबल असेल तिथं वळसा घातला. स्वयंपाकघरात शिरल्या, चुलीच्या जागी क्षणभर थांबल्या, आणि विचार न करता डावीकडे वळून सरळ बाहेर निघून गेल्या. तिथं पोचल्यावर त्यांना कळलं आपण कुठून आलो ते. त्या वळल्या आणि मागं पाहू लागल्या.

त्याच वेळी पलीकडच्या अंगणातून जोआकिम आले. ते गुपचूप पाहत उभे असतील. बहीण जिथून बाहेर पडली त्याच जागेतून आत शिरताना या उंच माणसानं मान खाली घातली. वर काही नव्हतं, आकाश होतं. तरी ते वाकले, दोन पावलं चालले आणि मग सरळ झाले.

लुसिंदाबाई हसल्या. आधी नुसत्या हसल्या, मग बादली खाली ठेवून, पोटाला हात लावून हसल्या. ‘आई रोज ओरडायची! वाक रे, कपाळ फुटेल!’ हे त्या माझ्याकडे पाहून नव्हत्या म्हणत. त्याच्याकडे पाहून म्हणत होत्या.

‘फुटलं होतंच की,’ जोआकिम म्हणाले आणि केस मागं सारून खूण दाखवली.

मग दोघं त्या घरात फिरत राहिले. इथं कपाट. इथं बाबांची खुर्ची. इथं तू आजारी होतीस. मी ऑलिव्हखाली बसले होते. चित्र काढायची वही पिशवीतच राहिली.

ऊन वर आलं तेव्हा बाई पुन्हा चुलीच्या जागेवरून दाराकडे चालत गेल्या आणि अर्ध्यात थांबल्या. ऊन थेट तोंडावर होतं. डोळे किलकिले करून म्हणाल्या, ‘हे. हे असं होतं. सकाळी दाराकडे जायची तेव्हा ऊन तोंडावर यायचं. तिथं नव्या घरात पाठीवर येतं.’

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. दार डावीकडेच होतं. भाऊ खरं बोलला होता. पण नवं गाव बसवताना सगळं गावच अर्धा वळसा फिरलं होतं. खोल्या त्याच, दारं तीच, पण पूर्व पश्चिमेला गेली होती. बाई रोज सकाळी उन्हाकडे जायला निघायच्या आणि घर त्यांना सावलीत नेऊन सोडायचं. मग त्यांच्या मनानं साहजिकच ठरवलं, की दारच उलट्या बाजूला आहे. दोघंही बरोबर होते, आणि तरी घर चुकलं होतं.

उपाय म्हणाल तर अगदी साधा केला. नव्या घरात सकाळचं ऊन रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत यायचं. जोआकिमनी आणि मी स्वयंपाकाचं टेबल उचलून तिथं खिडकीशी नेलं. बाई त्याच्यापाशी पीठ मळायला बसल्या. ‘हे माझं जुनं घर नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण आता दुसऱ्याचंही नाही.’ मी निघाले त्या दिवशी भिंतीवरून त्या भावावर ओरडत होत्या, मांजरावरून. मधे मुलगी नव्हती आता.

परीक्षेला एका सरांनी विचारलं, ‘यात तुमचं डिझाइन कुठं आहे?’

‘मी टेबल हलवलं,’ मी म्हटलं.

सगळे हसले. पण मला पहिला वर्ग दिला. आज इतक्या वर्षांनी, इतकी घरं उभी केल्यावरही, मला वाटतं की त्याहून चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. घरासाठी येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा विचारते, सकाळी उठल्यावर कुठं जाता? माणसं संकोचतात, त्यांना वाटतं बाथरूमचं विचारते आहे.

त्या पहाटेनंतर मी भारावल्यासारखी होते. गावातल्या टपालघरातून आईला फोन लावला. आईचं माहेर पारशिवनी तालुक्यात होतं, आणि तेही पेंचच्या धरणात गेलेलं. ते गाव मी कधी पाहिलंच नाही. मी सगळी गोष्ट सांगितली आणि म्हटलं, ‘आई, मी आले की आपण तुझं घर आखू. तुला आठवत असेल ना, दार कुठं होतं?’

फोनवर समुद्राचा आवाज यायचा तेव्हा.

‘काहून विचारून राहिली वं तू हे? जेवली का?’

‘जेवले. सांग ना.’

‘मले नाही आठवत.’

मुलांना पन्नास कविता तोंडपाठ म्हणून दाखवणारी माझी आई. मला जरा वाईट वाटलं, मग शिक्षण संपलं, परत आले, ऑफिस टाकलं, कामाला लागले. पुन्हा विचारलं नाही. तिनंही काढलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात पारशिवनीला एका शाळामास्तरांच्या घराचं काम होतं. आई आता निवृत्त, घरी कंटाळते, म्हणाली, ‘मी येतो तुझ्यासंगं.’ काम लवकर आटपलं. परतताना एका फाट्यावर ती अचानक म्हणाली, ‘इकडून घे गाडी.’

रस्ता साग-पळसातून जात धरणाच्या पाण्यापाशी संपला. पाणी आटून लांब गेलं होतं. भेगाळलेला गाळ, त्यापुढं मोठं, शांत, रुपेरी पाणी, पलीकडे जंगलाची निळी रेघ. मला पुन्हा त्या ऑलिव्हच्या उतारासारखं वाटू लागलं. सगळं अर्धं झोपेत. मी हळूच विचारलं, ‘तुझं घर कुठं असेल, आई?’

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि पाण्याकडे न पाहता बोलली. ‘घर काय पाह्यतं वं. गावाच्या खालच्या अंगाले होतं, सगळ्यायच्या मागं. ते बुडालं तवा माय रडली नाही. म्हणे, बरं झालं, आता कोणी म्हणनार नाही तुमी तिकडं राहा.’

इतकी वर्षं मी माझ्या मनात एक सुंदर मातीचं घर आखून ठेवलं होतं, तिच्यासाठी.

‘विहीर होती वरच्या अंगाले. पाटलाची.’ आता ती पाण्याकडे पाहत होती, एका जागी, ओळखीच्या नजरेनं. ‘मोठी. चिरेबंदी. बाबा बुद्धाची दीक्षा घेऊन आले होते नागपूरहून, घरात देवाचं काही ठेवलं नव्हतं, समदं बदललं. पण विहीर नाही बदलली. आम्ही घागर घेऊन खाली उभं राहाचं. कोणाले दया आली तं वरून ओतन. नाही तं नदीवर जा.’

‘तू मला कधी सांगितलं नाहीस.’

‘तू तिकडं इतकी खुश होती. काय सांगू फोनवर?’

मग ती चप्पल काढून गाळातून पाण्याकडे चालू लागली. मी हात धरायला गेले तर तिनं झटकला. काठाशी बसली, ओंजळ भरली आणि तोंड धुतलं. मला वाटलं आता पिईल. ‘आई, पिऊ नको, गढूळ आहे.’

तिनं मान वर केली. तोंडावरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती, वर्गात एखाद्या पोरानं सोपं उत्तर चुकवल्यावर हसायची तशी.

‘आपल्या नंदनवनाच्या नळाले पाणी कुठून येतं वं?’

‘पेंचहून. याच धरणातून.’

‘मंग?’ ती म्हणाली. ‘तू जन्मली तवापासून मी त्याच विहिरीचं पाणी पिऊन राहिली. घरात बसून. नळ उघडून.’